रिमोल्डपासून रेडियलपर्यंत : टायर पुरवून पुरवून वापरणाऱ्यांचा इतिहास



आजच्या भागात लढाई नाही, तह नाही, राजाही नाही. आजचा विषय आहे मोटारीचा टायर. शोरूममधून गाडीबरोबर येतो तो नव्हे. तो फुकट मिळाल्यासारखाच वाटतो, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. मी बोलणार आहे त्यानंतरच्या टायरबद्दल. पहिला झिजला, खिशात पैसे मोजके आहेत आणि गाडी तर चालवायचीच आहे, अशा वेळी माणूस जो टायर घेतो, त्याबद्दल. आपल्या देशात या टायरला चांगला ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

निमित्त असं झालं. निवृत्तीनंतर मी महूला राहतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आमच्या युनिटमधला एक जुना ड्रायव्हर भेटायला आला. हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मूळचा देवासचा, घरी मराठी बोलणारा. आता स्वतःची जुनी वॅगन आर चालवतो. ओंकारेश्वर, महेश्वर, उज्जैन अशी यात्रेकरूंची भाडी घेतो आणि सकाळी त्याच गाडीतून नातीला शाळेत सोडतो. चहा झाल्यावर म्हणाला, "साहेब, टायर घेतलेत. बघता का जरा?" डिकी आणि मागची सीट मिळून चार टायर कोंबलेले होते. काळेभोर, नक्षी खोल. "साडेतीन हजारांत चारही. अगदी नव्यासारखे आहेत."

मी नक्षीच्या चरांतून बोट फिरवलं. नवा टायर साच्यातून निघतो, त्यामुळे त्याच्या चरांचा तळ एकसारखा असतो. इथे तळ खडबडीत होता, खोली जागोजागी वेगळी. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का शोधला. शेवटचे दोन आकडे होते १४. म्हणजे टायर २०१४ साली बनलेला. कोणाच्या तरी गाडीवर पुरता झिजलेला, मग तापलेल्या पात्याने त्यावर पुन्हा चर कोरलेले आणि वरून काळा रंग फासलेला.

मी लगेच काही बोललो नाही. का, ते पुढे येईलच. आधी जरा मागे जाऊ.

टायर म्हणजे रबर, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक मिसळून तापवलं आणि रबर कामाचं झालं. हा गृहस्थ १८६० मध्ये डोक्यावर मोठं कर्ज घेऊन वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये भलत्याच लोकांनी काढली. त्याचा किंवा त्याच्या घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच पेटंट करून ठेवली होती, पण त्या काळात ती चालवायला गाडीच नव्हती. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधून काढली.

डनलॉपच्या त्या पहिल्या टायरमध्ये हवा धरायला रबराची नळी होती. पण त्या नळीला आकार देणारं आणि ती फुगून फुटू न देणारं होतं ते कापड. इथून पुढे आजपर्यंत हीच रचना चालत आली आहे. रबर म्हणजे वरचा कोट. भार उचलतो तो आतला सांगाडा. आधी तो सुती कॅनव्हासचा होता, मग रेयॉन आलं, नायलॉन आलं, आणि आता पॉलिएस्टर आणि पोलादी तारा. धंद्यातले लोक त्याला केसिंग म्हणतात. मी सांगाडाच म्हणेन. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवतीच फिरतो.

एक गंमत सांगतो. आपण सगळे, कोणत्याही भाषेचे असू, जादा चाकाला स्टेपनी म्हणतो. हा शब्द इंग्लंडात आज कोणाला फारसा कळणार नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ठिगळ लावायचं. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी अडलेल्या चाकाला बाहेरून जोडायचं एक तयार चाक काढलं. त्यांचं काम चालायचं स्टेपनी स्ट्रीटवर. ते चाक जगभर विकलं गेलं, नंतर कालबाह्य झालं, कंपनीही गेली. त्या गल्लीचं नाव मात्र आपल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी शंभर वर्षं टिकून आहे.

आता हिंदुस्थानात येऊ. रबराचं झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातल्या जेमतेम पावणेतीन हजार उगवल्या आणि त्यांची रोपं सिलोनकडे आणि पुढे मलायाकडे रवाना झाली. आपल्याकडे पहिली व्यापारी लागवड १९०२ मध्ये पेरियार नदीकाठी तट्टेकाडला झाली. टायर मात्र बाहेरून यायचे. देशातला पहिला टायर कारखाना डनलॉपने १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला काढला. पाठोपाठ मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना आला. म्हणजे महायुद्ध लागलं तेव्हा अख्ख्या उपखंडाची टायरची गरज मोजक्या परदेशी कारखान्यांच्या हाती होती.

आणि मग १९४२ उजाडलं. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. आपण त्याकडे ब्रिटिश साम्राज्याची नामुष्की म्हणून बघतो. पुरवठा बघणाऱ्या फौजी माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मलाया आणि त्यापाठोपाठ डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेल्यावर जगातल्या नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा तुटला. अमेरिकेने तर जानेवारी १९४२ पासूनच टायरचं रेशनिंग सुरू केलं. खाजगी मोटारीला पाचच टायर ठेवायची मुभा, जास्तीचे सरकारजमा. देशभर ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा लावली. डिसेंबरमध्ये देशभर पेट्रोलचंही रेशनिंग आलं, आणि तेही मुख्यतः पेट्रोल वाचवायला नव्हे! पेट्रोल कमी मिळालं की लोक गाडी कमी चालवतील आणि टायर कमी झिजतील, असा तो हिशेब होता. पेट्रोलच्या विहिरी ज्या देशात होत्या त्याला टायरपायी पेट्रोल आवळावं लागलं.

आपल्याकडे त्रावणकोर-कोचीनच्या मळ्यांतलं रबर एकाएकी सोन्याच्या मोलाचं झालं. सरकारने १९४२ मध्येच रबर उत्पादनावर नियंत्रण आणलं. आजच्या रबर बोर्डाचं मूळ त्यात आहे. तिकडे दिमापूर-कोहिमा-इंफाळच्या चिखलातून चौदाव्या सेनेचे ट्रक चालले होते. पहाडी रस्ता, पाऊस, दगड आणि वर जादा वजन. टायर खायला याहून चांगला रस्ता शोधून सापडणार नाही. नवा टायर आधी फौजेला. मुलकी माणसाने काय करायचं? जुन्यावर रबर चढवायचं.

रबर चढवणं, म्हणजे रिमोल्ड किंवा रिट्रेड. नीट केलेलं रिट्रेड ही अत्यंत प्रामाणिक गोष्ट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून उलटा समज व्हायला नको. टायर झिजतो म्हणजे वरचा कोट झिजतो. आतला सांगाडा शाबूत असला तर तो फेकणं उधळेपणा आहे. कारागीर आधी टायर फाकवून आतून तपासतो: कुठे घडी तुटली आहे का, खिळ्याचं भोक किती मोठं, थर सुटलेत का. सांगाडा पास झाला तर जुनी नक्षी घासून काढायची, सोल्युशन लावायचं, नव्या रबराचा पट्टा चढवायचा आणि साच्यात दीडशे अंशांच्या आसपास भाजायचं. आता पट्टा आधीच भाजून तयार मिळतो, मग शंभरेक अंशांवर काम होतं. त्यात सांगाड्याला कमी ताप लागतो. यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी कोणती? पहिली. नापास करण्याची.

या रिट्रेडच्या धंद्यातूनच देशातली एक मोठी कंपनी उभी राहिली. केरळच्या के. एम. मम्मेन माप्पिल्लै यांच्या घराण्याची बँक १९३८ मध्ये बुडाली, वडील तुरुंगात गेले. पोराने १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये ते ट्रेड रबरकडे वळले, म्हणजे जुन्या टायरवर चढवायच्या पट्ट्याकडे. तेव्हा तो माल परदेशी कंपन्याच विकत होत्या. चार वर्षांत देशातला निम्मा बाजार त्यांच्याकडे आला. पुढे १९६१ मध्ये ओहायोच्या मॅन्सफील्ड कंपनीशी करार करून त्यांनी नवे टायर काढले. हीच एमआरएफ. सचिनच्या बॅटवरचा तो स्टिकर आठवतोय ना? त्याच्या मुळाशी नवा टायर न परवडणाऱ्या ट्रकवाल्याचे पैसे आहेत. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढची दोन-तीन दशकं लायसन्सची. १९५८ मध्ये इटलीच्या सीएटने टाटांबरोबर मुंबईत कंपनी काढली, भांडुपचा कारखाना तिचाच. १९६१ मध्ये बल्लभगडला गुडइयर आलं, सत्तरच्या दशकात अपोलो आणि जेके. कारखाने वाढले तरी टायर स्वस्त झाला नाही. उत्पादन शुल्क भरमसाठ होतं. टायरची किंमत नेमकी कोणत्या टप्प्यावर मोजून शुल्क लावायचं, जाहिरात आणि विक्रीचा खर्च त्यात धरायचा की नाही, यावरून बॉम्बे टायर इंटरनॅशनलचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८३ चा तो निकाल वकील मंडळी पुढे कित्येक वर्षं उद्धृत करत राहिली. ग्राहकाच्या अंगावर जे पडायचं ते पडलंच. अँबेसेडर आणि फियाटवाले टायर रिमोल्ड करत, आत गेटर घालत. एसटीसारख्या महामंडळांनी रिट्रेडिंगचे स्वतःचे प्रकल्प उभारले. ट्रकवाल्यांचा एक अलिखित नियम होता, अजूनही आहे: रबर चढवलेला टायर मागे. पुढे कधीच नाही. मागे जोडचाक असतं, एक गेला तर दुसरा धरतो. पुढचा गेला तर स्टिअरिंग जातं.

हा नियम फौजेलाही माहीत होता. मलाही माहीत होता.

१९८६ ची गोष्ट. मी कॅप्टन होतो आणि युनिटच्या गाड्यांचा भार माझ्याकडे होता. पूर्वेकडचा पहाडी मुलूख. वार्षिक निरीक्षण तोंडावर आलेलं. नव्या टायरांची मागणी वर गेलेली, माल आलेला नाही. कागदावर जितक्या गाड्या 'ऑन रोड' दाखवायच्या त्यात दोन कमी पडत होत्या, आणि त्यातली एक एक-टनी निस्सान होती, जिचे पुढचे टायर अगदी गुळगुळीत झाले होते. स्टोअरमध्ये रिमोल्ड केलेले दोन टायर पडून होते. एमटी हवालदार माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तो एवढंच म्हणाला, "साहब, रिमोल्ड आगे मत चढ़वाइए." मी म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि सही केली.

निरीक्षण छान झालं. चार दिवसांचे तीन आठवडे झाले, कारण एकदा गाडी चालू लागली की ती कोणी उभी करत नाही. एका उतारावर डाव्या पुढच्या टायरचा पट्टा सोलून निघाला आणि टायर फुटला. ड्रायव्हरने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली. त्याचा हात मोडला. मागे बसलेल्या एका जवानाचा गुडघा गेला. तो पुढे मेडिकल बोर्डावर घरी गेला. चौकशीत लिहिलं गेलं, 'टायर निकामी झाल्याने अपघात.' त्यात खोटं काहीच नव्हतं. हवालदाराने मला काय सांगितलं होतं ते त्याने चौकशीत सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

म्हणून मी त्या दिवशी डिकीसमोर गप्प उभा होतो.

असो. इतिहास पूर्ण करतो. आपल्यासारख्या गाडीवाल्याचं खरं नशीब पालटलं ते रेडियलने. जुन्या टायरला क्रॉस-प्लाय म्हणत. सांगाड्यातल्या कापडाचे थर तिरपे, एकमेकांवर काट मारून बसवलेले. टायर रस्त्यावर दबला की हे थर एकमेकांवर घासतात, तापतात. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियलमध्ये सांगाड्याचे धागे या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. घासणं कमी, ताप कमी, आयुष्य जास्त. आपल्याकडे जेकेने १९७७ मध्ये राजस्थानात कांकरोलीला रेडियलची सुरुवात केली. लोकांचा विश्वास बसेना. रेडियलची भिंत जमिनीजवळ थोडी फुगलेली दिसते. आपले ड्रायव्हर बघायचे, हवा कमी आहे म्हणायचे आणि ठासून हवा भरायचे. मग टायर मधोमध झिजायचा आणि दोष रेडियलला. ट्रकांत तर रेडियल यायला आणखी दोन-तीन दशकं लागली. मारुतीनंतर मात्र छोट्या गाड्यांमध्ये चित्र हळूहळू बदललं, आणि आज आपल्या कोणत्याही कारच्या टायरवर 'आर' हे अक्षर सापडेल.

म्हणजे टायर स्वस्त झाला का? किलोमीटरमागे बघितलं तर नक्कीच झाला. दुकानात उभं राहिल्यावर तसं वाटत नाही, एवढंच. बाजारही तसा मोकळा नाही. टायर विक्रेत्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने पाच मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला, २०११-१२ मध्ये बदली बाजारातल्या क्रॉस-प्लाय टायरांचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल, मिळून १,७८८ कोटींचा दंड ठोठावला. आदेश २०१८ चा, जाहीर झाला २०२२ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस अपील न्यायाधिकरणाने तो फेरविचारासाठी परत पाठवला. जून २०२० पासून नवे टायर आयात करायला परवाना लागतो, त्यामुळे स्वस्त परदेशी मालाची धारही बोथट झाली. तिकडे रबराचा भाव पडला की कोट्टयमचा शेतकरी रडतो, चढला की आपण रडतो. दोघांच्या मधे जो उभा आहे तो रडताना मी पाहिलेला नाही. ग्राहकाच्या बाजूने अलीकडे एकच गोष्ट घडली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला.

आता पुन्हा माझ्या हवालदाराकडे. त्याच्याकडे एकूण आठ हजार होते. साडेतीन गेले, उरले साडेचार. मी त्याला १९८६ ची गोष्ट सांगितली. सही कोणाची होती तेही सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मग आता काय करायचं साहेब?"

आधी गाडीवर चढलेले टायर बघितले. नक्षीच्या चरांत, तळाशी, आडवे छोटे उंचवटे असतात. भिंतीच्या वरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं त्यांची जागा दाखवतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की १.६ मिलिमीटर उरली. ती कायद्याची हद्द. पावसाळ्यात मी तिथपर्यंत थांबणार नाही. चारपैकी दोन टायर हद्दीच्या चांगले वर होते आणि २०२१ चे होते. भिंतीवर फुगवटा नाही, चीर नाही. ते ठेवण्यासारखे होते. बाकीचे दोन गेलेले. म्हणजे त्याला चार टायर लागतच नव्हते. दोनच लागत होते. झिजले म्हणून चारही बदलायचे, हे त्याला त्या दुकानाने सांगितलेलं. स्टेपनी मात्र बघायला लावली, तर ती एकदाही न वापरलेली आणि २०१२ ची! रबर न चालताही म्हातारं होतं, मंडळी. नक्षी नवी असली तरी. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू नेण्यापुरती ठीक, उज्जैनच्या भाड्याला नाही.

मग आम्ही दोघं टायरच्या दुकानात गेलो. त्याच्या गाडीचं माप १४५/८० आर १३, ७५. एका ओळीत फ्रेंच आणि इंग्रज एकत्र नांदतात बघा: रुंदी १४५ मिलिमीटर, रिम १३ इंच. उंची रुंदीच्या ८० टक्के. शेवटचा ७५ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ३८७ किलो. स्वस्तात पडतो म्हणून याहून कमी आकड्याचा टायर पाच प्रवासी आणि त्यांच्या बोचक्यांच्या गाडीला लावायचा नाही. दुकानदाराने आधी सगळ्यात महाग ब्रँड काढला, मग त्याच कंपनीचा 'स्पोर्टी' नमुना. मी म्हटलं, भाऊ, याची गाडी ऐंशीच्या वर जात नाही. देशी कंपनीचा साधा, मधल्या किमतीचा टायर दाखव, आयएसआय शिक्का असलेला आणि सहा महिन्यांच्या आतला. शिक्क्यातले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. पहिली जोडी त्याने आणली ती अडीच वर्षांपूर्वीची होती, सवलतीत. परत पाठवली. दुसरी जोडी तीन महिन्यांची निघाली. बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह सगळं धरून भाव आधी ठरवला आणि पक्कं बिल घेतलं. बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसती गप्पा. साडेचारात बसलं नाही, तीनशे कमी पडले, ते मी घातले. त्याने दुसऱ्या दिवशी परत आणून दिले.

नवे दोन मागच्या चाकांवर लावले. इथे हवालदाराने आणि दुकानदारानेही माझ्याकडे संशयाने पाहिलं. चाळीस वर्षं मी हेच ऐकत आलोय, चांगला टायर पुढे. ट्रकच्या बाबतीत पुढचा टायर नवाच हवा, वाद नाही. पण इथे पुढचे दोनही धडधाकट होते. प्रश्न फक्त जास्त नक्षी कुठे हवी हा. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर आधी सुटले तर गाडी सरळ रेटत जाते; पाय काढला, वेग उतरला की ती बहुतेक वेळा हाती येते. मागचे आधी सुटले तर गाडी फिरते, आणि मग नुसत्या अनुभवी ड्रायव्हरचंही काही चालत नाही. टायर बनवणारेही हेच सांगतात.

हवेचं त्याला मी पुन्हा सांगितलं, जसं काही तो रंगरूट होता. आठवड्यातून एकदा, सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी. कमी हवेचा टायर दबतो, तापतो आणि सांगाडा आतून शिजतो. फुटतो नंतर, वेगळ्याच दिवशी. फौजेत गाड्यांची परेड दर आठवड्याला व्हायची ती उगाच नाही. "हो साहेब," म्हणाला. हसतही होता.

राहिले ते डिकीतले चार. तो म्हणाला, दुकानात परत देतो, निम्मे तरी पैसे मिळतील. मी म्हटलं, मिळतील, आणि तो ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर चढवेल. बराच वेळ तो टायरांकडे बघत बसला. साडेतीन हजार म्हणजे त्याची आठवड्याची निव्वळ कमाई होती. मग म्हणाला, "करवत आहे का घरात?"

लोखंड कापायची करवत होती. दुपारभर आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो. रबर सहज कापलं जातं. काठाची तार मात्र करवतीची दोन पाती खाते. पहिला टायर आडवा कापून उघडला आणि दोन्ही टोकं उजेडात धरली. चर कोरणाऱ्याचं पातं दोन ठिकाणी थेट पट्ट्यापर्यंत पोचलं होतं. तिथून पाणी आत गेलेलं. नक्षीखालच्या पोलादी तारा तांबूस झाल्या होत्या, आणि अंगठ्याने दाबलं तर वरचा थर खालच्यापासून कोरड्या पापुद्र्यासारखा सुटत होता.

त्याने तो तुकडा कापडात गुंडाळला आणि बरोबर नेला. स्टँडवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांना दाखवतो म्हणाला.